रोलमधली एक फ्रेम मस्करीसाठी: जुन्या घरगुती फोटोंमधला खट्याळपणा

करवतीकडा

जुन्या फोटोंचा विषय निघाला की हमखास ऐकू येतं, "तेव्हा एक्स्पोजर फार लांब असायचं, म्हणून लोक हसत नसत." म्हणजे फोटो उमटेपर्यंत बराच वेळ न हलता बसावं लागे. १८४०-५० च्या डॅगेरोटाइपपुरतं, म्हणजे धातूच्या पत्र्यावरच्या सुरुवातीच्या फोटोंपुरतं, ते बऱ्यापैकी खरं आहे. पण १८८० नंतर जिलेटिनच्या कोरड्या प्लेटा सर्रास मिळू लागल्या, उजेडात सेकंदाचा छोटासा अंश पुरायला लागला, आणि तरीही स्टुडिओतली माणसं तशीच ताठ बसलेली दिसतात. स्टुडिओत जायचं म्हणजे ठेवणीतले कपडे, मोजून दिलेले पैसे आणि समोर परका माणूस. शिवाय हाच फोटो पुढे दिवाणखान्यात लागणार हे डोक्यात. अशा ठिकाणी कोण कशाला जीभ काढून दाखवेल?

मस्करी शिरली ती कॅमेरा घरात आल्यावर. जॉर्ज ईस्टमनचा पहिला कोडॅक १८८८ चा. किंमत २५ डॉलर, आत १०० फोटोंचा रोल भरलेला. रोल संपला की अख्खा कॅमेरा १० डॉलरसह कंपनीकडे पाठवायचा. तिकडून अडीच इंचांचे गोल फोटो आणि नवा रोल भरलेला कॅमेरा परत यायचा. हे अजून पैसेवाल्यांचंच काम होतं. १९०० साली ब्राउनी आला आणि चित्र पालटलं. पुठ्ठ्याचा साधा खोका, किंमत १ डॉलर, सहा फोटोंचा रोल १५ सेंटला. नाव घेतलं होतं पामर कॉक्सच्या चित्रांतल्या खोडकर बुटक्यांवरून, आणि जाहिरातही थेट मुलांसाठी. आता कॅमेऱ्यामागे बहीण, मेहुणा नाहीतर शेजारचा मित्र उभा. त्याच्याकडे बघून माणूस वेडावणारच.

त्या काळातले अमेरिकन घरगुती फोटो पाहिले तर काही खोड्या घरोघरी दिसतात. पोरांनी एकमेकांच्या पाठीवर चढून रचलेले मनोरे, बायकांनी नवऱ्याचा कोट-टोपी चढवून तोंडात धरलेला सिगार, अख्ख्या कुटुंबाने कॅमेऱ्याकडे पाठ करून दिलेली पोझ, पिंपातून बाहेर आलेलं डोकं, लांब उभ्या माणसाला जवळच्याच्या तळहातावर बसवणं. ही माणसं एकमेकांना ओळखत नव्हती, एकमेकांचे अल्बम त्यांनी पाहिले नव्हते, तरी सगळ्यांना तेच सुचलं. वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आर्टने २००७ मध्ये रॉबर्ट जॅक्सन यांच्या संग्रहातल्या अशा स्नॅपशॉटचं मोठं प्रदर्शन भरवलं होतं, १८८८ ते १९७८ या काळातलं. बहुतेक फोटो कुणी काढले, त्यात कोण आहे, याचा पत्ता नाही. तरी लोक त्यांच्यासमोर थांबतात.

मला जे म्हणायचंय ते एवढंच: रोलमध्ये फ्रेम सहा, आठ, फार तर बारा. रोल महाग, धुलाई वेगळी, कॉप्यांचे पैसे वेगळे. अशा वेळी त्यातली एक फ्रेम निव्वळ वेडेपणावर खर्च करायची, हे कुणीतरी मनाशी ठरवून केलेलं असतं. म्हणून अशा फोटोला 'वाया गेलेला' म्हणणं मला पटत नाही. घर आवरताना लग्न-मुंजीचे फोटो जपले जातात आणि हे आधी कचऱ्यात जातात. मला ते फार लागतं.

माझ्या आजोळचा एक सांगते. वाईचं घर, मागचं अंगण, चौकोनी कृष्णधवल फोटो. तिघी जणी ओळीत. मधलीच्या अंगात पुरुषी कोट, बाह्या बोटांच्या खाली लोंबताहेत, डोक्यावर काळी टोपी, ओठावर काजळाने ओढलेली मिशी. मिशीचं डावं टोक फिसकटलंय, कारण ती हसू दाबतेय. उजवीकडची खाली वाकलीय, तिचा नुसता अंबाडा दिसतो. मागे शाईने लिहिलंय: "हसू नका, फुकट जाईल." म्हणजे फोटो काढणारीचे शब्द कुणीतरी नंतर मुद्दाम लिहून ठेवले. ती मिशीवाली माझी आजी. इतर सगळ्या फोटोंत ती डोक्यावर पदर घेऊन मान खाली घालून उभी आहे.

तुमच्या घरात असे कुठले आहेत? फोटो टाकायचं बंधन नाही, वर्णन लिहिलंत तरी चालेल.

निशिगंध

सुरेख धागा. कोट-टोपीवाल्या फोटोबद्दल लगेच लिहावंसं वाटलं. आपल्याकडे बायकांना पुरुषाचं सोंग नवीन नव्हतंच. मंगळागौरीच्या जागरणात फुगड्या-झिम्म्याबरोबर सोंगं असायचीच. नवऱ्याचं धोतर नेसून, मिशी काढून, सासऱ्याची नक्कल करायची. फक्त ते रात्री, बायकाबायकांत, पुरुष घराबाहेर असताना. तुमच्या आजीचा फोटो दिवसाउजेडी अंगणात काढलेला आहे आणि त्याची कॉपी निघालीय, म्हणजे धुणाऱ्याने पाहिली, घरातल्या पुरुषांनीही पाहिली असणार. मला ती गोष्ट धाडसाची वाटते. कॅमेरा कुणाचा होता, कळलं का?

करवतीकडा

@निशिगंध, धाकट्या मावसआजीचा. तिला नोकरी होती, तिने स्वतःच्या पगारातून घेतला होता. त्यामुळे ती स्वतः जवळपास कुठल्याच फोटोत नाही. एकात फक्त तिची सावली आहे, अंगणात लांब पडलेली, दोन्ही कोपर बाहेर काढून खोका पोटाशी धरलेली.

डार्करूम_दादर

लांब तळहातावरचा माणूस ही तर पहिली पायरी. खरे उद्योगी लोक डबल एक्स्पोजर करत, म्हणजे एकाच फ्रेमवर दोनदा फोटो. फ्रान्सचा झाक-आंरी लार्तीग माहीत असेल. जन्म १८९४, घरचा श्रीमंत, वडिलांनी अगदी लहान वयात कॅमेरा दिला. १९०५ च्या उन्हाळ्यात त्याने थोरल्या भावाचा, झिसूचा, भुताचा फोटो काढला. कृती सोपी. कॅमेरा तिपाईवर पक्का. भाऊ चादर गुंडाळून उभा, भिंग उघडायचं, बंद करायचं. भाऊ बाजूला, कॅमेरा जराही न हलवता भिंग पुन्हा उघडायचं. दुसऱ्या वेळी मागची झाडं चादरीतून आरपार उमटतात. हे करणारा पोरगा अकरा वर्षांचा होता.

त्याच वर्षीचा बिशोनाद या नात्यातल्या बहिणीचा फोटो बघा. ती पॅरिसच्या घराच्या जिन्यावरून उडी मारते आणि हवेत आहे, लांब झगा, टाचांचे बूट, सगळा साज जागच्या जागी. आणि १९११ चा झिसूचा एक: तळ्यात, रबरी ट्यूबमध्ये बसलेला, अंगात कोट, गळ्यात टाय, डोक्यावर टोपी. ही सगळी भावंडं दिवसभर काहीतरी बांधत, उडवत, पाडत असत आणि हा टिपत असे. जगाला तो कळला १९६३ मध्ये, न्यू यॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमधल्या प्रदर्शनातून. तोवर तो साठी ओलांडून गेला होता आणि स्वतःला चित्रकार समजत होता.

फिरस्ता

धागा आवडला, पण "ठरवून केलेलं असतं" याच्याशी मी पूर्ण सहमत नाही. जुन्या फोटोंत आपल्याला ज्याचं हसू येतं त्यातलं बरंचसं अपघाताने झालेलं असतं. डोकी कापलेली, बाळाच्या डोक्यातून विजेचा खांब उगवलेला, म्हशीने ऐनवेळी तोंड मध्ये घातलेलं. बॉक्स कॅमेऱ्याचा व्ह्यूफाइंडर, म्हणजे फोटोत काय येतंय ते बघायची काच, नखाएवढा, त्यात डावं-उजवं उलटं दिसायचं, आणि शटर सेकंदाच्या साधारण तिसाव्या ते पन्नासाव्या भागाचं. कुणी मान हलवली की दोन नाकं. काढणारा बिचारा गंभीरपणे काढत होता. आज त्याचा विनोद आपण करतो.

करवतीकडा

@फिरस्ता, अपघात आहेतच, आणि तेही मला प्रिय आहेत. पण त्यांच्याबाबतीतही एक निर्णय असतोच. म्हशीवाला फोटो धुऊन आल्यावर कुणीतरी तो फाडला नाही. अल्बमच्या काळ्या पानावर चार कोपरे लावून बसवला, कधी खाली पांढऱ्या शाईने ओळही लिहिली. माझ्या लेखी तिथे तो फोटो मस्करीचा झाला. काढताना नसेल, चिकटवताना झाला.

फिरस्ता

हे पटलं. आमच्या म्हशीच्या फोटोखाली खरंच लिहिलेलं आहे, "सौ. चंद्रा यांसह". चंद्रा म्हणजे म्हैस.

परसदार_न्यूजर्सी

इथल्या जुन्या बाजारांत असे फोटो खोक्यांतून मिळतात. माणूस गेला, घर रिकामं केलं, अल्बम सुटे करून विकले. विकणाऱ्यांनाही कळतं की गंभीर फोटो पडून राहतात आणि गमतीचे आधी उचलले जातात, त्यामुळे त्यांची किंमत वेगळी. मला ते बघताना वाईटही वाटतं. इतकी जवळीक त्या चेहऱ्यांवर आणि नाव सांगणारं कुणी उरलं नाही.

इथे एक प्रकार फार लोकप्रिय होता: कागदी चंद्र. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जत्रांमध्ये आणि समुद्रकिनाऱ्यांवर फोटोवाले लाकडाची मोठी चंद्रकोर ठेवत, तिला डोळे-नाक रंगवलेलं, मागे चांदण्यांचा पडदा. जोडपी, मैत्रिणी, सैनिक, सगळे त्या कोरीवर बसून फोटो काढून घेत आणि तो पोस्टकार्डावर छापून मिळे. स्टुडिओच असूनही इथे लोक खुलून हसतात, हे लक्षात घ्या.

निशिगंध

@परसदार_न्यूजर्सी, अहो, चंद्रकोर आपल्याकडेही आहे की! डोहाळजेवणात. चांदण्यातलं, नावेतलं, झोपाळ्यावरचं, बागेतलं. पुठ्ठ्याची चंद्रकोर, वर्खाच्या चांदण्या, फुलांची वाडी घातलेली आणि हातात धनुष्यबाण. माझ्या आईचा आहे तसा. पण फरक असा की तिथे होणाऱ्या आईला लाजून खाली बघायचं असतं. सगळी सजावट खेळाची आणि चेहरा मात्र विधीचा. त्याच दिवशी काढलेला दुसरा एक फोटो आहे, त्यात माझी आत्या त्या रिकाम्या चंद्रावर धनुष्य ताणून बसलीय, आणि मागच्या बायका पोट धरून हसताहेत. मला त्या दिवसाची ओळख आईच्या फोटोपेक्षा आत्याच्या फोटोतून जास्त होते.

गोदाकाठ

त्र्यंबकेश्वरच्या दादासाहेब फाळक्यांचं नाव इथे यायलाच हवं. सिनेमाच्या आधी ते फोटोग्राफी करत होते, गोध्र्याला त्यांचा स्टुडिओ होता, आणि जादूचे प्रयोगही करत. रंगमंचावरचं नाव प्रोफेसर केळफा, म्हणजे आडनाव उलटं. १९१२ मध्ये त्यांनी कुंडीतल्या रोपाची वाढ ठरावीक वेळाने एकेक फ्रेम घेऊन चित्रित केली, पडद्यावर अंकुर भराभर वर येताना दिसला. तुम्ही अंगणातल्या ज्या खोड्यांबद्दल लिहिताय, चादरीचं भूत, एका माणसाचे दोन, त्यांचीच मोठी भावंडं म्हणजे सिनेमातले चमत्कार. कॅमेऱ्याला फसवता येतं आणि फसलेला कॅमेरा लोकांना आनंद देतो, हे फाळक्यांसारख्या जादूगाराला कुणी शिकवायला नको.

जत्रेतला_विमानवाला

नाव यासाठीच घेतलंय! लहानपणी यात्रेत रंगवलेल्या विमानातून डोकं बाहेर काढून काढलेला फोटो अजून जपून ठेवलाय. पत्र्यावर विमान, खिडकीच्या जागी भोक, मागे स्टुलावर उभं राहायचं. कुठे मोटार असायची, कुठे वाघावर बसलेला पैलवान.

डोकं घालायच्या अशा चित्रांच्या कल्पनेचं श्रेय बहुतेक वेळा अमेरिकेच्या कॅशियस कूलिजला देतात. पत्ते खेळणाऱ्या कुत्र्यांची चित्रं काढणारा तोच. १८७४ मध्ये त्याने अशा प्रकारच्या फोटोसाठी पेटंटही घेतलं, त्यात छोट्या धडाचं व्यंगचित्र हनुवटीखाली धरायचं.

गावातल्या ज्या माणसाला विमानात बसायला मिळण्याची सुतराम शक्यता नव्हती, तो चार आण्यांत वैमानिक होऊन यायचा. माझ्या वडिलांनी तो फोटो गंभीर चेहऱ्याने काढून घेतलाय, हात कपाळाशी, सलाम ठोकलेला. त्यांना ती थट्टा वाटत नव्हती. तो फोटो बघून मी कधी हसत नाही, पण तो खेळच होता यात शंका नाही.

मधुमालती

कॉटिंग्लेच्या पऱ्यांचा उल्लेख कसा नाही अजून? १९१७, इंग्लंडमध्ये यॉर्कशायरमधलं ब्रॅडफर्डजवळचं गाव. एल्सी राइट १६ वर्षांची, तिची मावसबहीण फ्रान्सिस ग्रिफिथ्स ९ वर्षांची. फ्रान्सिस सारखी ओढ्यावर जाऊन कपडे भिजवून यायची, विचारलं की सांगायची, पऱ्या बघायला जाते. मोठी माणसं हसली. मग एल्सीने वडिलांचा कॅमेरा मागून घेतला आणि दोघी ओढ्यावर गेल्या. परत आल्या तेव्हा प्लेटेवर फ्रान्सिससमोर नाचणाऱ्या चार पऱ्या.

एल्सी चित्रं छान काढायची. १९१४ च्या मुलांच्या एका पुस्तकातल्या नर्तकी बघून तिने त्या कागदावर काढल्या, पंख जोडले, कापल्या आणि टोप्यांना लावायच्या पिनांनी झुडपात उभ्या केल्या. वडिलांना संशय होताच, त्यांनी कॅमेरा देणं बंद केलं. प्रकरण तिथेच मिटायचं. पण ते फोटो आर्थर कॉनन डॉइलपर्यंत गेले, त्याने १९२० च्या डिसेंबरमध्ये 'स्ट्रँड' मासिकात ते खरे म्हणून छापले. महायुद्धात घरोघरी माणसं गेलेली, डॉइलचा स्वतःचा मुलगाही गेलेला. लोकांना पलीकडचं काहीतरी हवं होतं. शेरलॉक होम्सच्या जन्मदात्याला खोटं पाडायचं कसं, म्हणून दोघी गप्प बसल्या, त्या थेट १९८३ पर्यंत. तेव्हाही फ्रान्सिस म्हणत राहिली की त्यांच्या पाच फोटोंपैकी शेवटचा खराच आहे.

मला त्या दोघींबद्दल फार माया वाटते. घरच्यांची जिरवायला केलेला खेळ होता. तो घराबाहेर गेला आणि मोठ्यांनी त्यातला खेळ काढून घेतला. घरगुती मस्करीचा फोटो घरातच कळतो. बाहेर त्याचं काहीही होऊ शकतं.

फिरस्ता

@मधुमालती, काय सुंदर लिहिलंत. तरी कॅमेऱ्यासमोर खेळायला घरच हवं असं नाही. दोन उदाहरणं देतो.

एक, फोटो बूथ. अनातोल जोसेफो याने १९२५ मध्ये न्यू यॉर्कला ब्रॉडवेवर आपलं यंत्र मांडलं. २५ सेंटमध्ये आठ फोटो, साधारण आठ मिनिटांत. पहिल्या सहा महिन्यांत २ लाख ८० हजार लोक आले म्हणतात. पडद्याआड फोटोग्राफरच नाही. पहिल्या चौकटीत नीट बसलेला माणूस चौथ्या चौकटीपर्यंत गाल फुगवतो, कारण बघणारं कुणी नाही.

दोन, होमाई व्यारावाला. जन्म १९१३ नवसारीचा, शिकल्या मुंबईत जे. जे. मध्ये. त्यांचे सुरुवातीचे छापून आलेले फोटो मुंबईतल्या बायकांच्या सहलीचे होते. पुढे दिल्लीत वृत्तछायाचित्रकार झाल्या. पालम विमानतळावर 'फोटो काढण्यास सक्त मनाई' अशी इंग्रजी पाटी आणि शेजारी पंडित नेहरू, हा त्यांचाच फोटो. देशाचा पंतप्रधान, आणि तरी तो फोटो अल्बममधल्या खोडीसारखाच वाटतो.

सई_बडोदे

आमच्या बडोद्यात न्यू इंडिया इंडस्ट्रीज होती, आग्फाचा क्लिक थ्री तिथेच बनायचा. साठ-सत्तरच्या दशकांत कितीतरी मराठी घरांतला पहिला कॅमेरा तोच. १२० मापाचा रोल, १२ चौकोनी फोटो. आमच्याकडे अजून आहे.

पण मला एक अडचण विचारायची आहे. माझ्या काकूचा असाच एक फोटो आहे, नर्मदेच्या काठी, भावांनी तिला वाळूत गळ्यापर्यंत पुरलंय, डोक्यावर पितळी कळशी, आणि तिने डोळे तिरळे केलेत. मला तो फार आवडतो. कौटुंबिक ग्रुपवर टाकू का म्हणून विचारलं तर म्हणाली, "नको गं, सुना काय म्हणतील." तिची वयाची पंच्याऐंशी उलटली आहे. तुम्ही काय कराल?

करवतीकडा

@सई_बडोदे, टाकू नका. तो तिचा आहे. पण तिच्याजवळ बसून विचारा: कुणी काढला, कळशी कुणाची, नंतर काय झालं. ते लिहून ठेवा. आणि शक्य झालं तर सुनांना तिच्याच हातून दाखवू द्या.

जत्रेतला_विमानवाला

मी थोडं वेगळं म्हणेन. सुना काय म्हणतील या धाकानेच तर हे फोटो नाहीसे झाले. काकूंना सांगून बघा की तो फोटो पाहून तुम्हाला त्या जास्त आवडायला लागल्या. नाही म्हणाल्या तर नाही, पण एकदा विचारून सोडू नका.

निशिगंध

दोघांचंही बरोबर वाटतंय. माझी आत्या आधी नको म्हणाली होती, मग स्वतःच मागून घेतला आणि नातीला दाखवला. प्रत्येकीचं वेगळं असतं.

डार्करूम_दादर

आता थोडं कामाचं, कारण वर कुणीच लिहिलं नाही.

सत्तर-ऐंशीच्या दशकांतले चिकट पानांचे आणि वर प्लास्टिक असलेले अल्बम फोटोंचे वैरी आहेत. गोंद पिवळा पडतो आणि फोटोत उतरतो. फोटो ओढून काढू नका, बिनवासाचा दात साफ करायचा दोरा हळूच मागून फिरवा. निघतच नसेल तर पानासकट स्कॅन करा. काळ्या पानांचे, कोपरे लावलेले जुने अल्बम मात्र मोडू नका, त्यातला क्रम आणि खालची अक्षरं हीच निम्मी गोष्ट असते. मागे नावं लिहायची तर मऊ पेन्सिलीने, कडेला, दाब न देता. निगेटिव्हला व्हिनेगरसारखा वास यायला लागला असेल तर फिल्म खराब व्हायला लागली आहे. ती बाकीच्यांपासून वेगळी ठेवा आणि आधी तिचंच स्कॅन करा. कोकणातल्या लोकांनी पावसाळ्यात विशेष बघावं, बुरशी आणि कसर दोन्ही लागतात.

@सई_बडोदे, क्लिक थ्री चालू असेल तर एक करून बघा. त्यात रोल हाताने फिरवावा लागतो, मागच्या लाल खिडकीत आकडा बघून. न फिरवता बटण पुन्हा दाबलं तर त्याच फ्रेमवर दुसरा फोटो पडतो. कॅमेरा स्टुलावर पक्का ठेवा, मागे गडद सावलीची भिंत किंवा काळी सतरंजी असू द्या, माणूस आधी डावीकडे, मग उजवीकडे. काळ्यावर काही उमटत नाही म्हणून दोन्हीकडे माणूस भरीव दिसतो. मागे उजळ भिंत असली तर तो आरपार होतो, म्हणजे भूत. बटण दाबताना खोका हलतो, त्यामुळे वरून दुसऱ्या हाताने घट्ट दाबून धरा. १२० चे रोल अजून मिळतात, मुंबईत धुऊनही मिळतात. भाचरांना बरोबर घ्या, आणि काकूंना विचारा, त्यांच्या भावांनी आणखी काय काय करून पाहिलं होतं.

सई_बडोदे

@डार्करूम_दादर, रोल मागवते. काकूला फोन केला होता आत्ता. फोटो टाकायला अजून नाहीच म्हणतेय, पण कळशी शेजारणीची होती आणि ती नर्मदेत वाहून गेली, हे सांगताना पाच मिनिटं बोलतच होती. लिहून घेतलंय सगळं.